रस्त्याकडचं घर

दादर पूर्वेला टॅक्सीत बसून ‘टी. टी.’ एवढंच म्हटलं तरी ड्रायव्हर पुढे काही विचारत नाही. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून निघाली आणि दादरला येऊन थांबली, ती कायमचीच. रूळ गेले, तारा गेल्या. चौकाचं कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी आपण टी. टी.च म्हणतो.

मला हे नाव टिकण्याचं आश्चर्य वाटत नाही. या भागात घर घेणाऱ्याने घर पाहण्याआधी वाहन पाहिलं. आजच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’, ‘हायवेला लागून’ असं जे लिहिलेलं असतं, त्याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा अवतार. फरक एवढाच, की तेव्हा ‘रस्त्याला लागून’ या शब्दांचा अर्थ वेगळा होता. भायखळ्यापासून परळ, दादर, माटुंगा करत शीवच्या दिशेने जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आज वाहनांचा रस्ता आहे. त्याचा दादर-माटुंग्याचा तुकडा, जुना व्हिन्सेंट रोड, ज्या विचारातून आखला गेला त्या विचारात मात्र वाहन दुय्यम होतं. रस्ता हवा होता तो हवेसाठी.

हे समजायला १८९६ सालात जावं लागतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला प्लेग झाल्याचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत अर्धं शहर गावाकडे पळालं. गिरण्या, गोदी, बाजार सगळं ठप्प. सरकार हादरलं ते माणसं मेली म्हणून किती आणि व्यापार बसला म्हणून किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात; मला दुसरं कारण जास्त पटतं, कारण हिवताप आणि पटकी त्याआधीही दरवर्षी माणसं नेत होती आणि त्यासाठी कोणी कायदा केला नव्हता. प्लेगसाठी केला. १८९८ साली मुंबईचा सुधारणा कायदा झाला आणि त्यातून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला. लोक त्याला नुसतं ‘ट्रस्ट’ म्हणत. परळ, माझगाव, चिंचबंदर इथल्या ‘बीआयटी चाळी’ या त्याच्याच.

प्लेग कशाने होतो याविषयी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी, की दाट वस्तीतल्या कोंदट, ओल्या, अंधाऱ्या खोल्यांत रोग साठतो. मग उपाय सरळ होता. वस्ती फोडायची आणि तिच्यात वारा घालायचा. मुंबईचा चांगला वारा पश्चिमेचा, समुद्रावरचा. म्हणून ट्रस्टने चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीपर्यंत सँडहर्स्ट रोड काढला, तोच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. क्वीन्स रोडकडून आत शिरणारी प्रिन्सेस स्ट्रीट काढली, तीच आजचा शामळदास गांधी मार्ग. नकाशावर हे दोन रस्ते पाहिले की कळतं, की ते वाऱ्याचे पाट आहेत. क्रॉफर्ड मार्केटकडून भायखळ्याच्या दिशेने उत्तरेला जाणारा सिडनहॅम रोड, म्हणजे आजचा मोहम्मद अली रोड, हाही ट्रस्टचाच. तो वाहतुकीची नस म्हणून काढला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती कशा उभ्या राहाव्यात याचे नियम त्याच उजेड-वाऱ्याच्या हिशेबाने ठरले.

त्या नियमांत एक आकडा होता, त्याच्यावर माझा जीव आहे: साडेत्रेसष्ट अंश. ट्रस्टचा अध्यक्ष जे. पी. ऑर हा सनदी नोकर उजेडाच्या बाबतीत जवळजवळ हट्टी होता. १९१२ साली त्याने मुंबईच्या घरांतल्या उजेड-वाऱ्यावर एक व्याख्यान दिलं आणि त्यात हा नियम हिरिरीने मांडला. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. भूमितीची भाषा बाजूला ठेवली तर हिशेब असा, की समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. साठ फूट उंची असेल तर तीस फूट. एवढं ठेवलं, की तळमजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो. घरमालकांना हा कोन मुळीच मान्य नव्हता. जागा मोकळी सोडायची म्हणजे भाडं सोडायचं. पण रस्त्याकडच्या खोल्यांचा प्रश्न आपोआप सुटत होता, कारण समोर ट्रस्टचा रुंद रस्ता होता. रस्ता ही इमारतीपुढची फुकटची मोकळी जागा. त्यामुळे रस्त्याकडची खोली म्हणजे उजेडाची खोली, वाऱ्याची खोली, आणि अर्थातच जास्त भाड्याची खोली.

गंमत अशी, की ज्या समजुतीवर हे सगळं उभं राहिलं ती तोपर्यंत पोखरली गेली होती. १८९८ सालीच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो असं दाखवलं. आधी त्याला कोणी विचारलं नाही. १९०५नंतर मुंबईतच परळला काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ते पक्कं केलं. म्हणजे वाऱ्याने प्लेग जात नव्हता. तरी रस्ते होत राहिले. ट्रस्टपुढे तोवर क्षयरोग होता, दाटीचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर शहराला रस्ते हवेच होते. चुकीच्या कारणासाठी झालेल्या चांगल्या गोष्टींची यादी केली तर मुंबईचे रुंद रस्ते तिच्यात बरेच वर येतील.

चांगल्या म्हणताना जीभ थोडी अडखळते. रस्ता निघतो तेव्हा कोणाच्या तरी घरातून निघतो. ट्रस्टने जमीन घेतली तेव्हा मोबदला गेला मालकाला. त्या जागेवर दाटीवाटीने राहणाऱ्या भाडेकरूंच्या हाती फारसं काही आलं नाही. जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या लगेच बांधल्या गेल्या नाहीत. उठलेली माणसं शेजारच्या गल्लीत शिरली आणि ती गल्ली अधिक दाट झाली. दाटी मोडण्याच्या मोहिमेने दाटी नुसती सरकवली. पुढे शंभर वर्षं मुंबई हेच करत आली.

ट्रस्टचा दुसरा उपाय शहराच्या उत्तरेला होता. जुनी वस्ती फोडून पुरेना, तेव्हा मोकळ्या जमिनीवर नवी वसवायची. ट्रस्टच्या दफ्तरात दादर-माटुंगा ही पाचवी योजना आणि शीव-माटुंगा ही सहावी. तेव्हा तिथे शेतं, वाड्या, पाणथळ जागा होत्या. आधी रस्ते आखले, मग गटारं, मग भूखंड. घर शेवटी. भारतातल्या शहरांत हा क्रम इतका दुर्मीळ आहे, की आजही माटुंग्यात फिरताना काहीतरी वेगळं आहे असं वाटतं. ते वेगळेपण झाडांचं आहे तेवढंच या क्रमाचंही.

भूखंड घेणारे कोण? ट्रस्टमध्येच इंजिनियर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि रस्त्याच्या पूर्वेला दादर पारशी कॉलनी उभी राहिली, मध्ये पाच बागा घेऊन. रस्त्याच्या पश्चिमेला, रेल्वे आणि व्हिन्सेंट रोड यांच्यामध्ये, हिंदू कॉलनी. तिथे मराठी वकील, डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी आले. आणखी उत्तरेला माटुंग्यात तंजावर-पालघाटकडून आलेले तमिळ कारकून, टंकलेखक, हिशेबनीस. ही माणसं घर विकत घेणारी नव्हती. फोर्टातल्या कचेरीत पगार मिळवायचा आणि माटुंग्यात भाड्याने राहायचं. १९३२ साली त्यांच्यातल्याच काहींनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, म्हणजे शाळेसाठीही आता शहरात जायला नको. त्याच साली किंग्ज सर्कलला कूलारचं इराणी हॉटेल सुरू झालं. घर निवडताना माणसं काय काय पाहत होती याचा अंदाज या दोन गोष्टींवरून करता येतो.

या भाडेकरूंनी एक मोठा बदल निमूट पचवला, त्याविषयी फार लिहिलं जात नाही. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. नव्या इमारतीत तो घराच्या आत आला. ज्या घरात सोवळं-ओवळं पाळलं जात होतं, स्वयंपाकघरात चप्पल घालून कोणी शिरत नव्हतं, त्या घराच्या दहा पावलांवर संडास! सुरुवातीला तो मागच्या बाजूला, सफाई कामगाराला बाहेरच्या बाहेर येता यावं अशा वेगळ्या जिन्याला लागून ठेवत. म्हणजे सोय घरात आली, पण ती साफ करणारा माणूस घराबाहेरच राहिला. या स्वयंपूर्ण घराला मराठीत ‘ब्लॉक’ हा शब्द मिळाला. ‘माटुंग्याला ब्लॉक आहे’ या वाक्यात चाळ सोडल्याचा सुस्कारा होता.

आणि या सगळ्यांना बांधणारा दोरा म्हणजे वाहन. घोड्यांची ट्राम १८७४ची, विजेची १९०७ची, बस १९२६ची. रेल्वे तर आधीपासून होतीच, तीही १९२५पासून विजेवर येऊ लागली. कचेरी दक्षिण टोकाला आणि घर आठ-दहा किलोमीटर उत्तरेला, अशी फारकत करणं पगारदाराला परवडू लागलं. या भूखंडांची खरी किंमत ट्रामच्या तारेत होती.

पण त्याच रस्त्यावर, दोन-अडीच किलोमीटर दक्षिणेला, हिशेब पूर्ण उलटा होता. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला ट्राम काय कामाची? भोंगा वाजला की आत असायला हवं. बदली कामगाराला तर रोज पहाटे दरवाजाशी उभं राहावं लागे. आज काम मिळेल की नाही हे तिथेच कळे. घर चालत पोचण्याच्या अंतरावर नसेल तर नोकरीच नाही. शिवाय उधार देणारा वाणी, गावाकडची खाणावळ, खोली मिळवून देणारा जॉबर, गावकऱ्यांचं मंडळ हे सगळं त्या चार गल्ल्यांतच. यालाही ‘कनेक्टिव्हिटी’च म्हणायला हवं. फक्त ती पायांची होती.

सरकारला हे कळलं नाही याचा पुरावा वरळीत उभा होता. आता तो पाडला जातोय. गव्हर्नर लॉइडच्या काळात १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्याने काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. वरळीला १२१, उरलेल्या नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला. खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या चाळी बांधून झाल्या आणि रिकाम्या राहिल्या. कामगारांना घर नको होतं असं नाही. त्यांच्यातले बहुसंख्य एका खोलीत दाटीने राहत होते. पण वरळी लांब होती, तिथून ये-जा करायला सोय नव्हती, बाजार नव्हता, उधारी नव्हती, आणि भाडंही जड होतं. नव्या, पक्क्या खोलीपेक्षा त्यांनी जुनी, कोंदट, गिरणीशेजारची खोली निवडली. सविनय कायदेभंगाच्या वेळी यातल्या काही रिकाम्या चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला. गरीब माणूस घर निवडत नाही, मिळेल तिथे राहतो, असं आपण सहज म्हणतो. वरळीच्या रिकाम्या चाळींकडे पाहिलं तर ते खरं नाही. त्याच्या निवडीत पर्याय कमी असतात, पण हिशेब पगारदारापेक्षा कडक असतो.

या रस्त्याची ही दोन टोकं, परळची खोली आणि दादरचा बंगला, एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात आणि आज रस्ता त्याच माणसाच्या नावाने ओळखला जातो. डॉ. आंबेडकरांचं कुटुंब १९१२च्या सुमारास परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत राहायला आलं. पहिल्या क्रमांकाची चाळ, दोन खोल्या. प्लेगच्या भीतीतून जन्मलेल्या त्याच ट्रस्टची ही चाळ. अमेरिका आणि इंग्लंडहून पदव्या घेऊन आल्यावरही ते दहाएक वर्षं याच पत्त्यावर होते. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा, गोलमेज परिषदेला गेले तेव्हा, घर परळलाच.

मधल्या काळात बडोद्याला त्यांनी घर शोधलं होतं, १९१७ साली. त्याची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला माणूस. पण अस्पृश्याला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या सरायीत राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी बागेत बसून काढले. घर निवडण्यावर लिहिताना ट्राम, वारा, उजेड असे शब्द सहज येतात. या हकिगतीनंतर त्या शब्दांच्या आधीची अट लक्षात येते: दार उघडणारा कोणी हवा.

म्हणून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत भूखंड घेऊन राजगृह बांधलं, हे मला निव्वळ ‘मोठं घर घेतलं’ असं वाटत नाही. ज्या वसाहतीच्या नावातच पाटी होती, तिथे त्यांनी भाडेकरू म्हणून कोणाची मर्जी न विचारता स्वतःचं घर उभं केलं, आणि ते बांधलं मुख्यतः पुस्तकांसाठी. परळहून राजगृहापर्यंत चालत गेलं तर पाऊण तास पुरतो. चाळीत राहणाऱ्या त्यांच्या लोकांना ते अंतर चालता येत होतं, आणि ते चालत येत. याचाही विचार जागा निवडताना झाला असेल काय? असावा असं मला वाटतं. पुढाऱ्याचं घर लोकांच्या पायांच्या टप्प्यात लागतं.

७ डिसेंबर १९५६ला त्यांची अंत्ययात्रा राजगृहातून निघाली. दादर चौपाटी तिथून जवळ आहे, पण यात्रा आधी याच रस्त्याने दक्षिणेला परळकडे गेली आणि तिथून वळून चौपाटीला पोचली. जिथे ते वाढले, जिथे त्यांची माणसं राहत होती, त्या वस्तीसमोरून.

राजगृहाविषयी आणखी एक साधी गोष्ट. ते मुख्य रस्त्यावर नाही, आतल्या रस्त्यावर आहे. ट्रस्टच्या आखणीत ही उतरंड होतीच. मुख्य रस्त्याला लागून तीन-चार मजली इमारती, खाली दुकानं, वर भाड्याचे ब्लॉक. आत, झाडांच्या सावलीत, बंगले आणि छोट्या इमारती. ज्याला परवडे तो रस्त्यापासून एक वळण आत राहायचा. रस्ता हाताशी हवा, पण उशाशी नको. उरलेल्यांना रस्ता उशाशी मिळाला, आणि त्या काळी तो वाईट सौदा नव्हता. ट्रामचा खडखडाट होता, पण रात्री तीही थांबे. समोर रुंद मोकळी जागा, पश्चिमेचा वारा, खाली इराणी, गॅलरीतून दिसणारी मिरवणूक.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली, १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला छप्पर मिळालं हे खरंच, फाळणीनंतरच्या मुंबईत ते नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. पागडी आली. डागडुजी कोणीच करेना, इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेकू लावलेल्या गॅलऱ्या दिसतात, त्या या साखळीचं शेवटचं टोक आहेत.

दुसरी गोष्ट, ट्राम गेली आणि मोटार आली. रूळ उखडले तेव्हा रस्त्याचं काय होणार हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. रस्ता जो इमारतींपुढचं अंगण होता तो नुसता वाहून नेणारा नळ झाला. नळ पुरेना तेव्हा त्याच्यावर दुसरा नळ टाकला. मोहम्मद अली रोडवर २००२ साली उड्डाणपूल झाला. लालबाग-परळवर २०११ साली, सुमारे अडीच किलोमीटरचा. ज्या दुसऱ्या मजल्याला सगळ्यांत छान मजला म्हणत, कारण धूळ खाली आणि ऊन वर राहतं, नेमक्या त्या मजल्याच्या उंचीवरून गाड्या जाऊ लागल्या. मोहम्मद अली रोडवरच्या काही घरांत खिडकीतून हात काढून पुलाच्या कठड्याला शेकहँड करता येईल असं वाटतं. ऑरच्या साडेत्रेसष्ट अंशांत पुलाचा विचारच नव्हता. आकाश कोणी रस्त्याच्या मधोमध बांधेल हे त्याला कसं सुचणार?

अपवाद सांगायला हवा. माटुंग्याला पुलाखालची जागा रहिवाशांनी वाहनतळ होऊ दिली नाही. पाठपुरावा करून, स्वतः राखण करून, शेवटी २०१६ साली तिथे बाग करून घेतली, नर्मदेच्या वळणांसारखी फिरायची वाट असलेली. पुलाखाली संध्याकाळी म्हातारी माणसं चालताना दिसतात. रस्त्याचं अंगण त्यांनी एवढं तरी परत मिळवलं.

या इतिहासात मी शिरलो त्याला कारण होतं. आमची इमारत परळ आणि दादरच्या मधली, रस्त्याच्या पूर्व अंगाची, तोंड पश्चिमेला. उपकरप्राप्त, टेकूंवर उभी. पुनर्विकासाचा नकाशा सभेत मांडला गेला, तेव्हा जुन्या बत्तीस बिऱ्हाडांना खालचे मजले आणि दोन बाजू देऊ केल्या होत्या: रस्त्याकडची किंवा मागची. पसंती लिहून द्या, जमलं नाही तर सोडत. मला वाटलं होतं, यात विचार काय करायचा? रात्री साडेअकराला गॅलरीत फोनवर आवाज मोजला तर ७४ डेसिबल. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५. मागची बाजू घ्यायची, आणखी काय.

पण सभेत एकेक जण बोलू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “मागे काय बघू मी दिवसभर? भिंत?” तळमजल्याच्या काकांना दम्याचा त्रास; त्यांना मागची बाजू हवी होती, पण मागे वारा येतो का, हे त्यांनी तीनदा विचारलं. एका काकूंचं म्हणणं, की मुलगी रात्री उशिरा कामावरून येते, रस्त्यावर उजेड असतो, माणसं असतात, गॅलरीतून ती बसमधून उतरलेली दिसते. यातलं एकही कारण नवं नव्हतं. आजींना हवी होती ती मिरवणूक, काकांना हवा होता तो सँडहर्स्ट रोडचा वारा, आणि काकूंना ट्रामचा थांबा.

मी नकाशा घरी आणला आणि ऑरची रेघ ओढून पाहिली. मागच्या बाजूला शेजारची नवी इमारत उभी राहणार आहे, बावीस मजले, सुमारे दोनशे वीस फूट. मधली जागा वीस फूट, कारण अशा योजनांत मोकळ्या जागेवर सवलती मिळतात. कोन आला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास. तळाशी उभं राहिलं तर आकाशाची चीर दिसेल. रस्त्याच्या बाजूला मध्ये शंभर फूट, समोर जुनी चार मजली इमारत, पन्नास फूट उंच. कोन साडेसव्वीस. म्हणजे मागे शांतता आहे पण उजेड नाही, पुढे उजेड आहे पण झोप नाही. शंभर वर्षांनी मोकळी जागा म्हणून पुन्हा रस्ताच उरला.

आईने तो आकड्यांचा कागद पाहिला आणि विचारलं, “समोरची पण पाडणारच ना कधीतरी?” पाडणार. मग तीही बावीस मजले धरून हिशेब केला: साडेपासष्ट अंश. ऑरच्या मर्यादेच्या दोन अंश वर. आईला तेवढे दोन अंश चालणार होते. तिने रस्त्याकडची बाजू लिहिली. बत्तीसपैकी एकोणीस जणांनी तीच लिहिली आणि त्या बाजूला घरं सोळाच, त्यामुळे सोडत होणार आहे. तोवर मी खिडक्यांना दुहेरी काच बसवायला किती खर्च येतो ते विचारून ठेवलं आहे.